चिठ्ठी घेऊन उठता उठता

घाटीच्या ओपीडीत सकाळपासून केसपेपरची रांग लागलेली असते. कागदोपत्री हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, स्थापना १९५६. छत्रपती संभाजीनगरच्या रिक्षावाल्यापासून परतूरच्या शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी मात्र एकच नाव, घाटी. रांगेत जालन्याची माणसं असतात, बीडची असतात, कन्नड-वैजापूरची असतात, पलीकडे बुलढाण्याहून आलेलीही असतात. तक्रारी ऐकाव्यात तर झोप लागत नाही, डोकं गच्च होतं, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, अन्न गोड लागत नाही. डॉक्टर रक्तदाब बघतात, साखर तपासायला सांगतात, ईसीजी काढतात. सगळं ठीक निघतं. चिठ्ठी लिहून होते. रुग्ण उठतो, चिठ्ठी खिशात घालतो आणि दाराकडे वळता वळता ओशाळं हसत म्हणतो, "तसं काही नाही डॉक्टरसाहेब, पण कधी कधी वाटतं, रात्री झोपलो की सकाळी उठूच नये."

हा कुणी एक रुग्ण नाही. खेड्यातल्या बीएएमएस डॉक्टरच्या दवाखान्यातही तो असतो, सिडकोतल्या एखाद्या क्लिनिकमध्येही असतो. तो ज्या कामासाठी आलेला होता ते हेच वाक्य होतं. बाकीचं सगळं या वाक्यापर्यंत पोचायचा रस्ता होता. पुढे काय होणार हे समोरचा डॉक्टर पुढच्या दहा सेकंदांत काय करतो यावर बरंच अवलंबून असतं. "असं काही मनात आणायचं नाही हं," म्हणून पाठीवर थाप मारली, की रुग्ण मान डोलावतो आणि जातो. "बसा जरा," म्हटलं, की तो बसतो.

जीव देणारा माणूस कुणाकडेच गेला नव्हता, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तसं दिसत नाही. अमेरिकी मानसोपचार नियतकालिकात २००२ साली ४० अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. आत्महत्येने गेलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोक शेवटच्या महिन्याभरात आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. वर्षभराचा हिशेब धरला तर हे प्रमाण चारातले तीन. मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे त्या महिन्यात पोचलेले मात्र पाचातला एक. हे अभ्यास बहुतेक पाश्चात्त्य देशांतले आहेत आणि आपल्याकडचे आकडे वेगळे निघू शकतील, पण जे चित्र दिसतं ते इथल्या कुठल्याही जुन्या फॅमिली डॉक्टरला ओळखीचं वाटेल. माणूस येतो, पाठदुखी सांगतो, आणि जातो.

मग बोलणं अडतं कुठे? थोडंसं भाषेतच. 'आत्महत्या' या शब्दात 'हत्या' बसलेली आहे, आणि तिला क्रियापद लागतं 'करणे', जसं खुनाला लागतं. "आत्महत्येचे विचार येतात का?" असं विचारलं, की समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं होतं आणि तो तत्काळ "नाही नाही, छे!" म्हणतो. बोलीतली मराठी हा शब्द टाळते. घरात, पारावर लोक म्हणतात जिवाचं बरंवाईट, जीव द्यावासा वाटणं. या 'जीव' शब्दाभोवती मराठीने एक जिनाच बांधून ठेवलाय. जीव रमत नाही ही पहिली पायरी. जीव कशातच लागत नाही ही तिच्या वरची. मग जीव उबगलाय, मग जीव नकोसा झालाय, मग जीव द्यावासा वाटतो. मनोविकारतज्ज्ञ जगभर जी प्रश्नावली वापरतात तिचे टप्पे जवळपास असेच चढत जातात. मेलो तर बरं असं वाटतं का? स्वतः काही करावं असं मनात येतं का? कसं, याचा विचार झालाय का? करायचंच असं ठरवलंय का? रुग्ण कितव्या पायरीवर उभा आहे हे डॉक्टरला कळायला हवं, आणि त्यासाठी लागणारे शब्द रुग्णाच्या आजीलाही ठाऊक असलेले आहेत.

या शहरात तर दोन जिने आहेत. रोशनगेट, शहागंजकडची बाई दखनीत म्हणते, "जी नहीं लगता, दिल घबराता." डॉक्टर लातूरचा असो की नागपूरचा, हे 'दिल घबराना' म्हणजे हृदयविकारच असं समजून त्याने फक्त ईसीजी काढला, तर पट्टी सरळ येईल आणि बाई घरी जाईल.

दुसरी अडचण डॉक्टरांचीच आहे. अनेक डॉक्टर हा प्रश्न विचारत नाहीत, कारण त्यांना वाटतं की विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घुसेल. घरच्यांनाही तेच वाटतं. "उगाच कशाला तो विषय?" ही भीती खरी आहे, मायेपोटीची आहे, आणि ती चुकीची आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमध्ये २,३४२ विद्यार्थ्यांवर याची थेट परीक्षा घेतली गेली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या मुलांना प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलं, अर्ध्यांना विचारलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं तेव्हा विचारलेल्या मुलांत असे विचार वाढलेले नव्हते. आधीपासून नैराश्यात असलेल्या किंवा पूर्वी प्रयत्न केलेल्या मुलांमध्ये तर विचारलेली मुलं न विचारलेल्यांपेक्षा कमी अस्वस्थ होती. २०१४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा १३ अभ्यासांचा आढावा घेतला आणि तेही याच ठिकाणी आले.

म्हणजे डॉक्टरने विचारलं तर बिघडत नाही. मग कुणी कधी विचारलं का?

मराठवाड्यात या प्रश्नाला एक इतिहास आहे. २०१५ हे सलग दुष्काळांमधलं एक वर्ष. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदींप्रमाणे आठ जिल्ह्यांत त्या एका वर्षात १,१३३ शेतकऱ्यांनी जीवन संपवलं. पुढे आकडा खालीवर होत राहिला; २०२२ मध्ये १,०२३, २०२३ मध्ये १,०८८. अशा प्रत्येक मृत्यूनंतर एक फाईल तयार होते. तिच्यात बारीक प्रश्न असतात. जमीन नावावर होती का? कर्ज बँकेचं की सावकाराचं? थकीत होतं का? नापिकी होती का? उत्तरं पाहून समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ठरवते आणि पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. पैसे मिळायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण एवढे सगळे प्रश्न माणूस गेल्यावर विचारले जातात, हे त्या फाईलकडे बघताना लक्षात आल्यावाचून राहत नाही. शिवाय माणूस एकाच कारणाने जात नाही. कर्ज असतं, त्यात पोरीचं लग्न असतं, दारू असते, जुनं दुखणं असतं, आणि या सगळ्याखाली कधी कधी नैराश्याचा आजारही असतो, ज्याला कुणी आजार म्हटलेलं नसतं. फाईलला यातली एखादीच गोष्ट दिसते.

त्याच २०१५ साली राज्याच्या आरोग्य विभागाने 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. मराठवाड्याचे आठही जिल्हे आणि विदर्भातले सहा, असे १४ जिल्हे. कल्पना साधी होती, आणि उलटी होती: प्रश्न आधी विचारायचे. गावातली आशाताई घरोघर जाऊन ठरावीक प्रश्नावली भरून घेणार. झोप, भूक, कामात लक्ष, निराशा, जगणं नकोसं वाटणं. ज्यांची अवस्था सौम्य त्यांच्याशी तिनेच बोलत राहायचं, मध्यम असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं, गंभीर असेल तर जिल्हा रुग्णालयात. सोबत १०४ क्रमांकावर फोनवरून समुपदेशन.

आशाताई त्याच गावची असणं ही या योजनेची ताकद, आणि पंचाईतही. ती कुणाची तरी सून असते, कुणाची तरी भावजय. तिला घराची आतली बाजू माहीत असते, म्हणून तिच्याशी बोलता येतं. आणि नेमकं त्याचमुळे "गावभर होईल" अशी धास्तीही वाटते. बाळंतपणं, लसीकरण, सर्वेक्षणं, मोबाइलवरच्या नोंदी यांच्या ओझ्यात हा नाजूक प्रश्न ती किती निवांत विचारू शकेल, हाही मुद्दा आहे. योजना कागदावर छान दिसते म्हणून ती प्रत्येक वस्तीवर तशीच चालली असेल, असं समजायचं कारण नाही.

पण गावात विचारलं तर काय होतं याचा एक नीट मोजलेला दाखला शेजारीच, अमरावती जिल्ह्यात आहे. गोव्याची 'संगाथ' ही संस्था आणि विदर्भातले तिचे सहकारी यांनी ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला. गावातलेच कार्यकर्ते तयार केले, त्यांच्या वरती प्रशिक्षित समुपदेशक, आणि गरज लागेल तिथे मनोविकारतज्ज्ञ. आजारांची नावं घेऊन लोकांना घाबरवायचं नाही, लोकांच्या तोंडी असलेला शब्द वापरायचा, हे त्यांचं सूत्र होतं. तो शब्द म्हणजे 'टेन्शन'. मराठीने इंग्रजीकडून घेतलेल्या शब्दांत याच्याइतका कामाला जुंपलेला दुसरा शब्द नसेल. कर्जाचं टेन्शन, पावसाचं टेन्शन, सासूचं टेन्शन. कार्यक्रमाच्या आधी नैराश्य असलेल्या शंभरातल्या चार-पाच जणांनीच कुठे तरी मदत मागितली होती. १८ महिन्यांनी पुन्हा सर्वेक्षण झालं तेव्हा हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं होतं. वर्षभरात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगणारे लोक ५.२ टक्के होते, ते २.५ टक्क्यांवर आले. 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'मध्ये २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. तरीही कापूस पिकवणाऱ्या, दुष्काळाने पिचलेल्या गावांत माणसं बोलायला तयार असतात एवढं तर त्यातून उघड झालं.

आता दवाखान्यातल्या खुर्चीकडे परत येऊ.

नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिचं मराठी भाषांतरही आहे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, एवढंच ती विचारते आणि उत्तराला शून्य ते तीन गुण देते. आठ प्रश्न झोप, भूक, थकवा, एकाग्रता वगैरेंचे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. पहिली आठ उत्तरं देता देता रुग्णाचा घसा मोकळा होतो, म्हणून नववा तिथे शेवटी बसवलेला बरा वाटतो. या उत्तराचा आकडा शून्याच्या वर गेला की डॉक्टरने पुढचे प्रश्न विचारायला हवेत: विचार कधीपासून? किती वेळा? आले की किती वेळ टिकतात? पूर्वी कधी प्रयत्न झालाय? घरात कोण कोण आहे? दारू? आणि एक फार महत्त्वाचा प्रश्न, अशा वेळी आजवर कशाने थांबलात? रुग्णाला हे प्रश्न उलटतपासणीसारखे वाटू शकतात. डॉक्टर मात्र त्यांतून एवढंच ठरवत असतो, की आज घरी पाठवून चार दिवसांनी बोलावलं तर चालेल की आजच सोबत कुणी हवं.

रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर अवघड असतं ते पहिलं वाक्य. ते घरूनच ठरवून न्यावं. "डॉक्टर, एक गोष्ट सांगायची आहे, पण सांगायला जमत नाहीये." किंवा, "मला मरून जावंसं वाटतं. करायचं ठरवलेलं नाही, पण विचार येतात." किंवा, "हे विचार आता वाढलेत, मला माझीच भीती वाटायला लागलीय." या तीन वाक्यांत तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि ऐकणाऱ्या डॉक्टरला त्या लगेच कळतात. तोंडून निघत नसेल तर कागदावर लिहून रिपोर्टच्या फाईलमध्ये वरच ठेवता येतं. महत्त्वाची गोष्ट ही, की हे बोलायचं तर सुरुवातीलाच बोलावं. दाराकडे वळताना बोललेलं वाक्य बाहेरच्या चाळीस माणसांच्या रांगेत हरवू शकतं.

सोबत आलेल्या माणसाचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच असतो. सुनेसोबत सासू आत येते, मुलासोबत बाप येतो, आणि "काय होतंय?" या प्रश्नाचं उत्तर तेच देतात. "काही नाही, हिचं खाण्याकडे लक्ष नाही." अशा वेळी "ह्यांना जरा बाहेर बसू द्या" हे डॉक्टरने म्हणणं सगळ्यात सोपं. ते म्हणाले नाहीत, तर "मला तपासायच्या वेळी एकटीला थांबायचंय" असं रुग्णाने म्हणायला हरकत नाही. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

आणि मग भीती येते पोलिसांची. ती कुठून आली हे समजून घ्यायला हवं, कारण ती निराधार नव्हती. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, एक वर्षापर्यंत कैद. या कलमाला पहिला मोठा तडा गेला तो महाराष्ट्रातच. मुंबई पोलिसांतला एक शिपाई रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागून मानसिक आजारी झाला, त्यातून त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, आणि त्याच्यावरच गुन्हा दाखल झाला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने हे कलमच घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तोच सूर धरला, पण १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कलम पुन्हा जिवंत केलं. शेवटी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम ११५ म्हणतं, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, शिक्षा करायची नाही; उलट त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा ३०९ तिच्यात उरलं नाही. सरकारी अधिकाऱ्याला एखादं काम करायला किंवा टाळायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा आहे. जखमी अवस्थेत आलेल्या रुग्णाची पोलिसांकडे नोंद रुग्णालयं आजही करतात. पण नुसते विचार येणं, आणि ते डॉक्टरला सांगणं, हा जुन्या कायद्यातही कधी गुन्हा नव्हता.

"डॉक्टर सगळ्यांना सांगतील" ही दुसरी भीती. याच कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. मात्र तो अमर्याद नाही. रुग्णाच्या जिवाला किंवा दुसऱ्या कुणाला थेट धोका असेल तर तो टळण्यापुरती माहिती डॉक्टर देऊ शकतात. चांगला डॉक्टर हे आधीच सांगून टाकतो: "तुम्ही बोलाल ते आपल्यात राहील. फक्त तुमच्या जिवाला आत्ता धोका आहे असं मला वाटलं, तर तुमच्या एका माणसाला मी बोलावणार. कुणाला बोलवू, ते तुम्हीच सांगा." सगळं गुप्त ठेवीन अशी शपथ घेण्यापेक्षा हे बरं. नंतर विश्वास मोडत नाही.

तिसरी भीती 'येरवड्याला पाठवतील' ही. महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं परंपरेने चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. दोन गावांची नावं तर मराठीत शिवीसारखी वापरली गेली, आणि त्याची किंमत आजारी माणसांनी मोजली. प्रत्यक्षात असे विचार सांगणाऱ्या बहुतेकांना कुठेही दाखल करावं लागत नाही. गोळ्या, बोलणं, थोड्या दिवसांनी पुन्हा भेट, असं घरी राहूनच चालतं. धोका मोठा असेल तर दाखल करण्याचा सल्ला मिळतो आणि तेव्हाही पहिला मार्ग रुग्णाने स्वतःच्या मर्जीने दाखल होण्याचा असतो. नातेवाइकांच्या अर्जावर दाखल करायचं तर कायद्याने ३० दिवसांची मर्यादा घातलीय आणि त्यावरही देखरेख ठेवलीय. शॉकबद्दलही एक गोष्ट: भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं याच कायद्याने बंद केलं. सिनेमात हातपाय बांधून दाखवतात तो प्रकार आता बेकायदा आहे.

सिनेमाचा विषय निघालाच तर 'कासव'ची आठवण होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटाला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्याच्याशी निर्माते आणि अभिनेते म्हणून जोडलेले मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. जीव द्यायला निघालेल्या एका मुलाला त्यात अनोळखी माणसं घरात घेतात, जेवू घालतात आणि त्याने बोलावं म्हणून त्याच्या मागे लागत नाहीत. घरासाठी हा धीर अनमोल आहे. दवाखान्यात दहा मिनिटं असतात, तिथे विचारावंच लागतं.

बोलून झाल्यावर पुढे काय, हे माहीत नसल्यामुळेही लोक बोलत नाहीत. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. "आठ दिवस घेतल्या, काही फरक नाही" म्हणून सोडणारे पुष्कळ, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करणारेही. दोन्ही डॉक्टरला विचारूनच करावं. पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर पहिल्या काही आठवड्यांत जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण या काळात काहींची घालमेल वाढते. तसं झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवायचं. गोळ्यांच्या जोडीने एक साधा कागद तयार करतात. तो रुग्णाने आणि डॉक्टरने मिळून लिहायचा. विचार वाढायला लागलेत हे मला कशावरून कळतं. तेव्हा मी स्वतः काय करू शकतो. कुणाकडे जाऊन बसू शकतो. कुणाला फोन करणार. कोणत्या डॉक्टरला, कोणत्या हेल्पलाइनला. आणि जिवाला धोका होईल अशा वस्तू घरात कुणाच्या ताब्यात द्यायच्या. अमेरिकेत माजी सैनिकांच्या पाच रुग्णालयांत हा कागद आणि त्यानंतरचे पाठपुराव्याचे फोन अशी पद्धत वापरली, तेव्हा ती न वापरलेल्या चार रुग्णालयांच्या तुलनेत पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. कागद खिशात मावतो. मनात वादळ उठलेलं असताना डोकं चालत नाही, म्हणून ते शांत असतानाच लिहून ठेवायचं, एवढीच त्यातली युक्ती.

पाठपुराव्याची ताकद आपल्या देशातही मोजून झालीय. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यात भारतातलं चेन्नई, प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ लोकांचा अभ्यास केला. चेन्नईतलं काम 'स्नेहा' या संस्थेच्या संस्थापक डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्याकडे होतं. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याशिवाय तासभर नीट बोलून माहिती, आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट: कसे आहात? नेहमीच्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. नऊ फोनांसाठी यंत्रं लागत नाहीत, इमारत लागत नाही. माणूस लागतो, आणि तो नेमका आपल्याकडे कमी आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये नोंदवलं होतं, की नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत.

शहरात आणखी एक गर्दी आहे जी ओपीडीत फारशी दिसत नाही. औरंगपुरा, समर्थनगर भागातल्या अभ्यासिकांत रात्री अकरापर्यंत दिवे असतात. हिंगोली-परभणीची पोरं रूम करून राहतात, मेसचा डबा खातात, एमपीएससीची जाहिरात कधी येते याची वाट बघतात आणि घरी फोनवर "चाललंय चांगलं" म्हणतात. देशभरात २०२२ मध्ये १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे, आणि सर्व वयोगट धरले तर त्या वर्षी राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता, २२,७४६. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्था आणि कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, ही त्यातली एक. अभ्यासिका चालवणारे त्यात कुठे बसतात हे बघावं लागेल. महिना भाडं भरून खुर्ची घेतलेल्या मुलाची चौकशी करणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

डॉक्टरने ऐकूनच घेतलं नाही तर? असं होतं. गर्दी असते, डॉक्टरही माणूस असतो, काहींना हा विषय हाताळायचं शिकवलेलंच नसतं. "देवाचं नाव घ्या", "फिरायला जा", "पोरांकडे बघा" अशी उत्तरं मिळतात. अशा वेळी आपलं दुखणं खोटं होतं असं मानू नये. दात दुखत असताना एका डॉक्टरने लक्ष दिलं नाही तर आपण दुसऱ्याकडे जातो, तसंच. घाटीत मनोविकार विभाग आहे. चिकलठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, ज्याला लोक मिनी घाटी म्हणतात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाबद्दल चौकशी करता येते. 'टेली-मानस' या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर सुरू आहे, मोफत, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. नाव-गाव नको वाटत असेल त्याला सुरुवात तिथून करता येते.

आणि आज रात्रीच असह्य होत असेल, विचार थांबत नसतील, तर एकट्याने थांबू नये. शेजारच्याला उठवावं, १४४१६ लावावा, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा रिक्षा करून थेट अपघात विभागात जावं. तो रात्रभर उघडा असतो. तिथे ड्यूटीवरच्या डॉक्टरला काय सांगायचं, तर "मला जीव द्यावासा वाटतोय" एवढंच. डोकं दुखतंय म्हणून गोळी घेऊन परत येऊ नये.